चुलीचे तीन दगड

आमच्या निवाऱ्यात अठरा माणसं होती, आणि सरकारी कागदाप्रमाणे त्यांतल्या सोळा जणांना घर होतं. हा घोळ माझ्याच अक्षरात झाला, तेव्हा तो मीच सांगितलेला बरा.

मी राहीबाई. भिवंडीत कामवारी नदीच्या अंगाला भाताचे व्यापारी दाजी यांचं जुनं गोडाऊन होतं. दुष्काळानंतर रस्त्यावर निजणारी माणसं वाढली तेव्हा दाजींनी ते रिकामं केलं, बाहेर ‘निवारा’ अशी पाटी लावली आणि मला व्यवस्थापिका म्हणून ठेवलं. व्यवस्थापिका हा शब्द फक्त पाटीपुरता. मी स्वयंपाकावर नजर ठेवायची, औषधं द्यायची, भांडणं सोडवायची आणि संध्याकाळी आठ वाजता फाटकाला कुलूप घालायची. आठ म्हणजे आठ. पाच मिनिटं उशीर झालेल्याला माझी बोलणी खाऊनच आत यावं लागायचं. पाच वर्षांत हे कुलूप एकदाही चुकलं नव्हतं, आणि त्याचा मला थोडा माज होता हेही कबूल करते.

सगळे एकाच दालनात निजायचे. मधे जुन्या साड्यांचा पडदा, अलीकडे बायका, पलीकडे पुरुष. बहुतेक जण कापडाच्या लूमवर झिजलेले. कुणाचे कान गेले होते, कुणाची छाती. पडद्याच्या अगदी कडेला ठकुबाई निजायची.

ठकुबाई माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी, तरी मी तिला अगंतुगं करायची. हाडकुळी बाई, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. अंबाडी गावाच्या आतल्या पाड्यातली कुणबीण. ती लूमच्या कारखान्यात कांड्या भरायची, म्हणजे धोट्यात घालायचं सूत लाकडी कांडीवर गुंडाळून द्यायची. तीन-चार वर्षांत बोटं सुजून वाकडी झाली, शेठने दुसरी बाई ठेवली आणि ठकुबाई एसटी स्टँडच्या वळचणीला आली. तिथं तिनं एक सवय लावून घेतली. गाठोड्याला सुतळी बांधायची आणि सुतळीचं दुसरं टोक पायाच्या अंगठ्याला. कुणी गाठोडं ओढलं तर जाग यावी म्हणून. निवाऱ्यात आल्यावरही ती सुतळी सुटली नाही. एकदा मी तिच्यावर खेकसले, “इथं कोण नेतंय तुझ्या चिंध्या?”

“कोन न्हाय नेत बाई,” ती म्हणाली. “पर दार न्हाय ना.”

सत्याहत्तरच्या पावसाळ्यात दाजी ठाण्याहून एक परिपत्रक घेऊन आले. बेघरांना नुसतं छप्पर न देता प्रत्येकाला स्वतंत्र खोली द्यायची, स्वयंपाकीण आणि आठवड्यातून दोनदा येणारी नर्स द्यायची, आणि हा सगळा भार अनुदान म्हणून सरकार उचलणार. आमच्या गोडाऊनात बारा खोल्या बसत होत्या. सहा खोल्यांत दोघं-दोघं राहिली तर सगळी अठरा माणसं मावत होती. ‘माणसाला छपराइतकीच दाराची गरज असते,’ असं त्या परिपत्रकात कुणीतरी लिहिलं होतं. सरकारी कागदात असं वाक्य मी त्याआधी वाचलं नव्हतं. ज्याने लिहिलं त्याला एकदा भेटावं असं मला फार वाटलं होतं.

मी ते सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. ठकुबाईने लगेच विचारलं, “बाई, दाराला कडी आसंल का?”

“दार म्हटलं की कडी आलीच.”

“आतल्या अंगानं?”

“हो गं बाई, आतल्या अंगानं.”

दाजी उत्साही माणूस. मंजुरीचा पत्ता नव्हता तरी त्यांनी खडूने फरशीवर बारा खोल्या आखल्या. प्रत्येक खोलीच्या रेघेत दारापुरती जागा सोडली. ठकुबाईने सात नंबरची खोली मनाशी धरली. दुपारी सगळे आडवे झाले की ती त्या खडूच्या चौकोनात जाऊन बसायची. आत जाताना रेघ ओलांडायची नाही, दाराच्या जागेतूनच जायची. मग पाठ न टेकता, हात मांडीवर ठेवून बसायची आणि दाराच्या जागेकडे बघत राहायची. झाडलोट करताना खडू पुसला गेला तर माझ्याकडून तुकडा मागून न्यायची आणि वाकड्या बोटांनी रेघ पुन्हा ओढायची. मला हसू यायचं, आणि मग हसू आल्याचं वाईट वाटायचं.

आता माझा घोळ. अर्जासोबत प्रत्येक माणसाचा कागद भरायचा होता. नाव, वय, आजार आणि रकाना चौथा : घर. मी शाळेत पहिल्या तिनांत येणारी. विचारायचं ते विचारते आणि सांगतील ते लिहिते. इद्रिस चाचांना विचारलं. चाचा चाळीस वर्षांपूर्वी आजमगढहून आलेले विणकर, एका डोळ्याने अधू. ते म्हणाले, “घर तो मुलुक में है, बाई. कच्चा है, मगर आँगन बड़ा है.” मी लिहिलं. वाडा तालुक्यातल्या सावळारामला पुतण्यांनी हाकलून दिलं होतं, तो म्हणाला, “हाय की. वाड्याकडं. वडलांनी बांदलेलं.” तेही लिहिलं. ठकुबाई म्हणाली, “अंबाडीला हाय.” असे सोळा जण. राहिलेल्या दोघांना ऐकूच येत नव्हतं, म्हणून ते वाचले.

जानेवारीत ठाण्याहून तपासणीला साहेब आले. तरुण होते, सभ्य होते, आणि भिवंडीच्या थंडीतसुद्धा स्वेटर घालून आले होते. त्यांनी दालन पाहिलं, खडूच्या खोल्या पाहिल्या, चहा घेतला आणि कागद चाळू लागले. चाळता चाळता थांबले.

“राहीबाई, ही माणसं बेघर आहेत ना?”

“आहेतच. पाच वर्षं मी सांभाळतेय.”

“मग हे काय? आहे, आहे, आहे. यावर मी मंजुरीची शिफारस केली तर उद्या माझीच चौकशी लागेल.”

मी त्यांना समजावून सांगितलं. आमच्याकडे ‘घर कुठं’ असं विचारलं की माणूस गाव सांगतो. घर पडलेलं असो, भावाने बळकावलेलं असो, तीस वर्षांत तोंड पाहिलेलं नसो. ‘मला घर नाही’ असं आपल्या तोंडाने कुणी म्हणत नाही. ती स्वतःला दिलेली शिवी वाटते.

“मला कळतं हो,” साहेब म्हणाले. “माझ्या फाइलला कळत नाही.” त्यांनी शेरा लिहिला : लाभार्थी बेघर असल्याचे दिसून येत नाही. मग शेऱ्याखाली वाटही काढून दिली. या सगळ्यांनी आपल्याला घर नसल्याच्या जबाबावर अंगठा द्यावा. आसपासच्या गावच्यांनी शिवाय आपापल्या पोलीस पाटलाचा दाखला आणावा. एकतीस मार्चच्या आत सगळं ठाण्यात पोचलं पाहिजे, नाहीतर त्या वर्षाचं अनुदान परत जाईल आणि पुढच्या वर्षी योजना राहील की नाही ते देवच जाणे.

उठता उठता त्यांनी शेवटचा कागद पाहिला. तो माझा होता, व्यवस्थापिकेचा. “तुमचाही कायमचा पत्ता गणेशपुरीचा आहे की.”

“भावांचं घर आहे. माहेर.”

“कधी गेला होता?”

मी चहाचे कप उचलायला घेतले. नवरा गेल्यावर दोन दिवाळ्या मी तिथं काढल्या होत्या. मग थोरल्या भावजयीने माझी ट्रंक माळ्यावरून उतरवून ओटीवर आणून ठेवली. त्याला नऊ वर्षं झाली होती. साहेबांनी विषय वाढवला नाही, त्यांचं भलं होवो.

त्यानंतरचा दीड महिना मी अक्षरशः घसा कोरडा केला. जबाब लिहून तयार होते, शाईचं पॅड तयार होतं, अंगठा कुणी देईना. इद्रिस चाचा म्हणाले, “बाई, झूठ कैसे बोलें? अम्मा की कब्र है वहाँ.” सावळाराम तर दोन दिवस जेवलाच नाही. आणि सगळ्यांचं लक्ष ठकुबाईकडे. खोलीची सगळ्यात जास्त आस तिलाच होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ती काय करते ते पाहून बाकीचे ठरवणार होते.

आणि ठकुबाई नाही म्हणत होती.

“अगं, काय आहे तिथं?” एका दुपारी मी तिला खडूच्या चौकोनात गाठलं. “भिंत नाही, छप्पर नाही. तूच सांगितलंस ना, कुडाची भिंत पावसात बसली, वासे लोकांनी नेले, दार कुणीतरी गोठ्याला लावलं. जोतं तेवढं राहिलंय, त्यावर शेरडं बसतात. त्याला घर म्हणतेस?”

“जोतं हाय तं घर हाय, बाई.”

“मग जा, तिथं राहा.”

बोलून गेले आणि जीभ चावली. ठकुबाई रागावली नाही. खडूच्या रेघेवरून बोट फिरवत तिनं मला सांगितलं, आणि पाच वर्षांत पहिल्यांदाच सगळं सांगितलं. नवरा, विठू, अकरा वर्षांपूर्वी दिवाळी झाल्यावर टोळीबरोबर वीटभट्टीवर गेला. टोळ्या पावसाच्या आधी परत येतात. टोळी आली, विठू आला नाही. बरोबरचे म्हणाले, जास्त मजुरी मिळते म्हणून तो सुरतेकडे गेला. वर्षभर वाट पाहून ती पोटासाठी भिवंडीला आली. पण दर शिमग्याला ती पाड्यावर जाऊन जोतं सारवते आणि दर दिवाळीला चुलीपाशी दिवा लावते. अकरा वर्षांत खंड नाही.

“त्यो येल तवा कुटं येल?” ती म्हणाली. “त्येला भिवंडी ठावं न्हाय, तुमचा निवारा ठावं न्हाय. त्येला जोतंच ठावं हाय. मी लिवून देऊ व्हय, घर न्हाय म्हनून? आनि त्यो आला तं?”

“आणि खोली? कडी?”

तिनं दाराच्या जागेकडे पाहिलं. “पायजे वो बाई,” ती म्हणाली. “लय पायजे.” आणि पदर तोंडाला लावून रडली. मी खडूच्या रेघेबाहेर उभी होते. आत कुठून जावं ते मला समजेना.

मार्चमध्ये शिमगा आला. ठकुबाई सारवायला निघाली तेव्हा मीही बरोबर निघाले. म्हटलं, ही अंगठा देवो न देवो, पाटलाचा दाखला हातात पडला तर माझ्याच्याने काहीतरी करता येईल. वाड्याच्या गाडीने अंबाडी नाक्यावर उतरलो आणि तासभर आत चालत गेलो. पळस फुलला होता, पाड्यात होळीची लाकडं रचून ठेवली होती. ठकुबाईच्या चालीत भिवंडीत कधी न दिसलेला झपाटा आला होता. वाटेत भेटेल त्याला ती नावाने हाक मारत होती आणि माणसं तिला थांबवून विचारत होती, “घरी आलीस गं?” ती म्हणत होती, “आले.” एकालाही त्यात वावगं वाटत नव्हतं.

पोलीस पाटील दौलत, विठूचा चुलतभाऊ. पन्नाशीचा, शांत, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्यानं आम्हाला गूळपाणी दिलं, माझं म्हणणं ऐकून घेतलं आणि लगेच कागद घेऊन लिहायला बसला. मला वाटलं, चला, शहाणा माणूस भेटला. त्यानं सही केली, शिक्का मारला आणि दाखला माझ्या हातात दिला. सदर बाई चांगल्या घराण्यातील असून चालचलणूक उत्तम आहे. सदर बाईचे गावात स्वतःचे घर आहे. सबब सरकारने तिला मदत करावी.

“हे काय लिहिलंत तुम्ही?” मी जवळजवळ ओरडलेच. “घर नाही असं लिहायचंय. घर आहे म्हटल्यावर सरकार कशाला मदत करेल?”

दौलत गोंधळला. “बिनघराच्या मानसाला सरकार कशाला इचारंल, बाई? चांगलं लिवलं म्हंजे मदत मिळंल म्हनून लिवलं.”

मी पुन्हा सगळं समजावलं, बारा खोल्यांपासून एकतीस मार्चपर्यंत. त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाला, “तसं मला लिवता येनार न्हाय. वयनीची चूल जागंवर हाय.”

पाड्याची रीत त्यानं सांगितली ती अशी. भिंती पडतात, छप्पर उडतं, माणसं पोटामागं जातात. त्यानं घर जात नाही. चुलीचे तीन दगड जागेवर आहेत तोवर त्या जागेवर त्या माणसाचं घर आहे. कुणी तिथं गुरं बांधणार नाही, कुणी दुसरा कूड घालणार नाही. घर मोडायचं तर घरच्या बाईने आपल्या हाताने चूल हलवायची. दुसऱ्या कुणी त्या दगडांना हात लावायचा नाही. “विठूदादाची चूल हाय तिथं,” दौलत म्हणाला. “मी कागदावर कशी हलवू?”

ठकुबाई उठली, दौलतच्या गोठ्यातून शेण घेतलं, विहिरीवरून पाणी आणलं आणि जोत्याकडे गेली. मी मोहाच्या झाडाखाली बसून धुमसत होते. तिच्यावर, दौलतवर, सरकारवर आणि त्या स्वेटरवाल्या साहेबांवरसुद्धा.

जोतं छोटंसं होतं, आमच्या खडूच्या खोलीपेक्षा थोडं मोठं. कडेचे दगड दोन ठिकाणी ढासळलेले. मागच्या कोपऱ्यात तीन काळे दगड, जमिनीत अर्धे रुतलेले. ठकुबाईने लेंड्या झाडल्या आणि सारवायला घेतलं. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, मागं सरकत सरकत, एवढीशी जागा न सोडता. तिची वाकडी बोटं शेणात सरळ झाल्यासारखी फिरत होती. सारवून झाल्यावर ती चुलीपाशी बसली. पदराच्या गाठीतून तिनं मूठभर तांदूळ काढले आणि दगडांच्या मधे ठेवले.

मग तिनं मला हाक मारली. “बाई, चूल हलली तं मग घर न्हाय म्हनलेलं खोटं न्हाय ना व्हनार?”

माझा राग कुठं गेला ते मला कळलं नाही. “नाही होणार,” मी म्हटलं. आणि मग मला भीती वाटली. “पण ठकुबाई, तू नको करूस. मी साहेबांना सांगेन काहीतरी.”

“काय सांगाल? तुमी तं सांगतील तेवडंच लिवता.” ती थोडी हसली. “तिकडं पंधरा जन माज्या तोंडाकडं बघत बसल्यात. आनि मी बी म्हातारी झाले वो. मला कडी लावून निजायचंय.”

तिनं दौलतला हाक मारली आणि पहार मागितली. दौलत पहार घेऊन आला, ती जोत्याखाली जमिनीवर ठेवली आणि पाठ करून उभा राहिला. ठकुबाईने पहिला दगड उकरला. नवी नवरी म्हणून आली तेव्हा सासूने तिच्याकडून हे दगड बसवून घेतले होते, असं ती उकरता उकरता सांगत होती. कुणाला सांगत होती कोण जाणे. दुसरा दगड निघाला. तिसरा मात्र निघेना. ती दोन्ही हातांनी त्याला हलवत होती आणि म्हणत होती, “चल रं आता. चल.” मला राहवलं नाही. रीत मोडते म्हणून दौलत काय म्हणेल याचा विचार न करता मी जोत्यावर चढले, ओल्या सारवणात गुडघे टेकले आणि तिच्या हातांवर हात ठेवले. दगडाला मी शिवले नाही, तिच्या हातांना शिवले. दगड निघाला. दौलतने मागं वळून पाहिलं नाही.

नवा दाखला लिहिताना तो दोनदा थांबला. सदर बाईने आज रोजी चूल हलवली. आता तिचे गावात घर नाही. शिक्का मारून त्यानं विचारलं, “वयनी, दादा आला तं काय सांगू?”

“सांगा, भिवंडीला गेली,” ठकुबाई म्हणाली. “नदीच्या अंगाला. आनि म्हनावं, दार हाय तिला.”

तिन्ही दगड माझ्या पिशवीत आले नाहीत. दोन तिनं डोक्यावर घेतले, एक मी कडेवर. एसटीत कंडक्टरने विचारलं, “हे काय मावशी?” मी म्हटलं, “चूल आहे.” त्यानं सामानाचं तिकीट फाडलं नाही. अंबाडी मागं पडेपर्यंत ठकुबाई खिडकीतून बघत होती, आणि मग पूर्ण वाट तिनं डोळे मिटून घेतले.

निवाऱ्यात आल्यावर तिनं दगड सात नंबरच्या चौकोनात ठेवले. आत जाताना ती दाराच्या जागेतूनच गेली. इद्रिस चाचा भिंतीला धरून जवळ आले, वाकून त्यांनी दगडावरची काजळी बोटाला लावून पाहिली आणि म्हणाले, “चूल्हा उठा लाई?” तिनं मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी जबाबाचे कागद मांडून बसले तर समोर रांग होती. सावळाराम म्हणाला, वाड्याच्या पाटलाचा दाखला आणायला तो आजच निघतो. चाचा पहिले होते. अंगठा शाईत बुडवून त्यांनी वरच धरला. “लिखिए, घर नहीं है. लेकिन बाई, मुलुक कहीं लिख सकते हैं?”

कागदावर तसा रकाना नव्हता. मी पट्टी घेतली आणि आखला. घर : नाही. मुलूक : आजमगढ. अठराही कागदांवर तो रकाना मी आखला. मग स्वतःचा कागद काढला, गणेशपुरीचा पत्ता खोडला आणि तिथं ‘निवारा, भिवंडी’ असं लिहिलं. गणेशपुरी नव्या रकान्यात गेली. साहेबांनी त्या जादा रकान्याबद्दल एक शब्द विचारला नाही. तीस मार्चला कागद पोचले, अनुदान मंजूर झालं.

पावसाळाभर गवंडी आणि सुतार निवाऱ्यात होते. दसऱ्याला खोल्या झाल्या. पहिला आठवडा नुसता कड्यांचा आवाज. म्हातारी माणसं दिवसभर कड्या लावत होती आणि काढत होती, आणि मी सुद्धा त्यांना रागावले नाही. सात नंबरच्या कोपऱ्यात ठकुबाईने तीन दगड बसवले, सारवलं, चहा केला आणि पहिला कप मला दिला. त्या दिवशी सुतळी तिनं गुंडाळून खिळ्याला टांगली. मी विचारलं, झोप लागते का. ती म्हणाली, “मेल्यावानी.”

मग दिवाळी आली. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी प्रत्येक दाराशी पणती होती. पावणेआठला मी फेरी मारली. एकेक दार बंद होत होतं, आतून कडी बसत होती. सात नंबरचं दार सताड उघडं होतं. उंबऱ्यावर दिवा, चुलीवर भात, आणि ठकुबाई दाराकडे तोंड करून बसलेली. सुतळी खिळ्यावर नव्हती. गाठोड्यापासून निघून ती तिच्या पायाच्या अंगठ्याला बांधलेली होती.

“अगं, हे काय पुन्हा?” मी म्हटलं. “कडी लाव की. एवढी मागून घेतलीस.”

“आज न्हाय लावत.” ती दिव्याकडे बघत होती. “आज तिकडं अंधार हाय, बाई. अकरा वर्सं दिवा व्हता, औंदा न्हाय. त्यो तिकडून आला तं दौलतभावजी धाडतील हिकडं. लावलेलं दार बघून त्यो माघारी जाईल. लाजरा हाय त्यो. कडी वाजवनार न्हाय.”

मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले.

“आनि माजं दार उघडं ठिवून तरी काय,” ती म्हणाली. तक्रार नव्हती, सहज बोलली. “भायेरचं फाटक तं तुमी आठाला लावता.”

ऑफिसातल्या घड्याळात आठ वाजले तेव्हा मी कुलूप घेऊन फाटकाशी गेले. रस्त्यावर फटाके वाजत होते, लूमना सुट्टी होती म्हणून बाकी सगळीकडे शांतता होती. नदीवरच्या पुलाकडून तुरळक माणसं येत होती. कुलूप मी पदरात गुंडाळलं, आतून स्टूल आणलं आणि उघड्या फाटकात बसले. येईल त्या प्रत्येकाचं तोंड मी न्याहाळून बघत होते. विठू दिसायला कसा आहे, हे ठकुबाईला विचारायचं राहूनच गेलं होतं.